माहेरवाट आणि संततिनियमन

बीदरहून परळीकडे जाणारी आगगाडी भालकी व कमलनगर ही स्थानके मागे टाकून उदगीरला पोहोचते, तेव्हा एक राज्य संपून दुसरे सुरू झालेले असते. डब्यात बसलेल्या बायकांचे तिकडे लक्षही नसते. कोणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेली असते, कोणी पंचमीसाठी माहेरी चाललेली असते. पिशवीत बाळंतविडा असतो, आणि मराठी, कानडी व दखनी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदत असतात.

श्रोतेहो, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही सारी गावे एकाच जिल्ह्यात होती. राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके उस्मानाबादेस जोडून त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रातील मेदक जिल्ह्यास मिळाले. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. पलीकडचा गुलबर्गा जिल्हाही, ज्यास २०१४ पासून कलबुर्गी म्हणतात, त्याच राज्यात गेला. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी लोकांचा विचार केला असेल. सोयरिकींचा मात्र केला नाही. औरादची मुलगी देवणीला, देवणीची भालकीला, आळंदची उमरग्याला किंवा अक्कलकोटला, हा क्रम पूर्वी होता तसाच पुढेही चालू राहिला.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो या सोयरिकींशी फार जवळून निगडित आहे. खेड्यातील स्त्रीने पाळणा लांबवावा की नाही, आणि लांबवावयाचा तर कशाने, हे तिला सांगितले कोणी? कुटुंबनियोजनाचा इतिहास सांगणारे लोक येथे पंचवार्षिक योजना, दवाखाने व लाल त्रिकोण यांची नावे घेतात. ती चुकीची नाहीत. पण या सीमाभागापुरते मला असे दिसते की, ही गोष्ट एका बाईने दुसरीला सांगितली, आणि सांगणारी बहुधा माहेरची होती. त्या वाटेवरून काय आले, काय आले नाही, आणि का, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मराठी भाषेत या विषयाला वाचा फोडली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. ते कॉलेज ख्रिस्ती मिशनचे. या प्रचारापायी त्यांना १९२५ मध्ये तेथील जागा सोडावी लागली. मी स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु इतिहासात संकोचाला जागा नसावी. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, ते १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत. खटले झाले, दंड झाले; १९३४ मधील एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर हे काम इतकी वर्षे टिकले नसते.

परंतु मासिक हे वाचणाऱ्याचे साधन आहे. मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या घरांत ते उशीखाली लपवून का होईना, पण वाचले जाई. बीदर व गुलबर्गा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. वरचे शिक्षण उर्दूतून चाले, मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि घरात मराठी किंवा कानडी बोलणाऱ्या बाईला त्यांपैकी कोणत्याच लिपीची ओळख नसे. शेजारच्या म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. एखाद्या सरकारने असे करण्याचा जगातील हा पहिला प्रसंग समजला जातो. आज बीदर व म्हैसूर एकाच राज्यात आहेत म्हणून कोणी हा मान सगळ्या कर्नाटकास देऊ लागला, तर त्याला थांबविले पाहिजे. त्या वेळी बीदरच्या बाईला बंगळूर हे लंडनइतकेच दूर होते.

येथे कर्वे यांच्याच घरातील आणखी एका व्यक्तीचे नाव घेतो. रघुनाथरावांचे सावत्र बंधू दिनकर यांच्या पत्नी इरावतीबाई कर्वे. रघुनाथराव ज्या १९५३ साली गेले त्याच साली भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील इरावतीबाईंचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दिराने संततिनियमनाचा विषय मांडला, आणि त्याविषयीचे बोलणे बाईकडून बाईकडे कोणत्या वाटेने जाईल याचा नकाशा, जणू नकळत, भावजयीने काढून ठेवला. त्यांनी देशाचे जे विभाग पाडले त्यांत महाराष्ट्र मधल्या विभागात येतो आणि कर्नाटक दक्षिणेच्या. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी घरी द्यावयाची अशी रीत आहे. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल आहे. कर्नाटकात त्याही पुढे जाऊन बहिणीची मुलगी मामाला देतात. आमच्या सीमाभागात या दोन्ही चाली शेजारीशेजारी, पुष्कळदा एकाच गल्लीत, पाहावयास मिळतात.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. मामाची मुलगी सून म्हणून आली तर तिची सासू तिची आत्याच असते. मामाशीच लग्न झाले तर सासू तिची आजी असते. सासर दहा-पंधरा मैलांवर असते. पंचमीला, दिवाळीला, माणिकनगरच्या किंवा मैलारच्या जत्रेला तिची बहिणींशी गाठ पडते. पहिले बाळंतपण तर माहेरीच व्हावयाचे. सव्वा महिना ती आईच्या हाताखाली असते, आणि त्या सव्वा महिन्यात गावातील साऱ्या थोरल्या बायका बाजेशी येऊन बसून जातात. टिम डायसन व मिक मूर या दोन अभ्यासकांनी १९८३ साली हाच मुद्दा सबंध देशाला लावून पाहिला. दक्षिणेत लग्न झालेली स्त्री माहेरापासून तुटत नाही, तिच्या शब्दाला थोडे अधिक वजन असते, आणि तेथे जन्माचे प्रमाण उत्तरेपेक्षा आधी खाली येऊ लागले याचे एक कारण हेच, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटते; मात्र आत्या झाली तरी ती शेवटी सासूच, हे ज्यांनी सीमाभागात दिवस काढले आहेत त्यांना सांगावयास नको.

दक्षिणेची रीत असूनही बीदर व गुलबर्गा हे जिल्हे दक्षिण कर्नाटकाच्या मागे राहिले. मुलींची लग्ने लवकर होत, शाळा थोड्या, दवाखाने त्याहून थोडे. राज्यातील प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी नेमलेल्या डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये गुलबर्गा विभाग सर्वांत मागासलेला ठरविला तो उगाच नव्हे. वाट होती, तिच्यावरून चालत येण्यासारखे काही पलीकडच्या टोकाला नव्हते.

स्वतंत्र भारताने १९५२ साली पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला स्थान दिले व ६५ लाख रुपये बाजूस काढले. राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा हा पहिलाच देश. आरंभीचा एक प्रयोग मोठा नमुनेदार आहे. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या शिकवणीतल्या. कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. एब्राहम स्टोन यांना पाठविले आणि सुरक्षित दिवस पाळण्याची पद्धत दिल्लीतील लोदी वसाहतीत व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे शिकविण्यात आली. दिवस मोजता यावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी सरकवावयाचा. एका रंगाचे मणी निर्धास्त दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे जपण्याचे. माझ्या धर्मसभेला आजही हीच एक पद्धत मान्य आहे. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे या माळेची हकीकत मी अंमळ आपुलकीने वाचली. प्रयोग फसला. हिशेब चुकत, मणी सरकविण्याचे राहून जाई, हे तर खरेच. परंतु माझ्या मते आणखीही एक अडचण होती. माळ ही दिसणारी वस्तू आहे. खोपटात चार माणसे, एक खुंटी. तिच्यावर टांगलेली माळ पाहून सासूने ‘हे काय गं?’ म्हणून विचारले तर सुनेने काय सांगावे? जी गोष्ट कुजबुजत सांगावयाची, ती गळ्यात घालावयास दिली.

नभोवाणीच्या श्रोत्यांना आणखी एका प्रयोगाची आठवण करून देण्याचा मोह आवरत नाही. १९५६ साली पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा कार्यक्रम झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत मंडळे बसली, भाषण ऐकल्यावर तेथेच चर्चा होई, आणि ठरलेले काम पुष्कळ ठिकाणी पारही पडे. शेती, खत, विहीर या विषयांत हा उपाय उत्तम चालला. परंतु मंडळे चावडीत बसत, आणि चावडीत पुरुष बसत. आमचा आजचा विषय चावडीतला नव्हता.

मग लूप आली. १९६५ साली देशभर तिचा प्रसार सुरू झाला. अमेरिकेतील डॉ. जॅक लिप्स यांनी तयार केलेली ती प्लॅस्टिकची लहानशी वळी. एकदा बसविली की वर्षानुवर्षे पाहावयास नको, स्वस्त, कोणाला दिसत नाही. सरकारला वाटले, कोडे सुटले. १९६५-६६ मध्ये देशात सुमारे ८ लाख स्त्रियांनी लूप बसवून घेतली, पुढील वर्षी सुमारे ९ लाख. त्यानंतर आकडा घसरला: १९६७-६८ मध्ये सुमारे पावणेसात लाख, १९६८-६९ मध्ये ५ लाखांच्याही खाली. दवाखाने तेवढेच होते, किंबहुना वाढले होते. माल होता, पैसा होता, आणि बायका येईनाशा झाल्या.

या घसरणीचे कारण म्हणून अहवालांतून अफवांकडे बोट दाखविले जाई. लूप पोटातून वर चढते आणि काळजाला जाऊन टोचते. नवऱ्याला विजेसारखा धक्का बसतो. असल्या गोष्टी देशभर पसरल्या होत्या हे खरे. पण त्यांना निव्वळ अडाणीपणा म्हणून निकालात काढणे हा शिकलेल्यांचा आळस आहे. लूप बसविल्यावर काही जणींना जास्त रक्त जाते, पोटात दुखते, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. अशा बाईला तपासावयास पुन्हा कोणी आले पाहिजे होते. स्त्री डॉक्टर तालुक्याच्या गावीही मिळत नसे. शिबिराची मोटार निघून जाई, आणि रक्त जाणारी बाई मागे राही.

माझ्या वर्गातील एका मुलीच्या आजीशी मी यावर एकदा बोलत होते. आजीबाई भालकीकडच्या, वय झालेले, स्मरण तल्लख. त्या म्हणाल्या, त्यांच्या नात्यातल्या एका बाईने लूप बसविली होती. तिला अंगावरून जाऊ लागले, ती सुकत गेली, शेवटी दाईने ती काढली. पंचमीला माहेरी जमलेल्या बायकांना हे कळले, त्या आपापल्या सासरी गेल्या, आणि महिन्याभरात सात गावांत कोणी लूपचे नाव घेईना. मी विचारले, “आणि जिला काहीच त्रास झाला नाही अशी कोणी नव्हती का?” आजीबाई हसल्या. “व्हती की बाई. पण ती कशाला सांगंल?”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या बाईचे ठीक चालले आहे तिला बोलण्याचे कारण नसते, आणि न बोलण्याची कारणे पुष्कळ असतात. सासूपासून लपविलेले असते. ‘हिला मूल नको झाले’ असे म्हणतील ही भीती असते. दृष्ट लागेल असेही वाटते. उलट जिला त्रास झाला तिला सहानुभूती हवी असते, औषध हवे असते, म्हणून ती सांगते. त्यामुळे बायकांच्या या वाटेवरून दुःखाची बातमी धावत जाते आणि सुखाची घरातच राहते. लूपच्या कामात किती जणींचे समाधान झाले होते हे खेड्याला कधी कळलेच नाही.

पुढची हकीकत पुरुषांची आहे, तिच्यावर फार वेळ घालवीत नाही. १९६० नंतर महाराष्ट्रात व म्हैसूर राज्यातही पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर भर होता. आणीबाणीत तो भर जुलमावर गेला. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. तीन मुलांनंतर सक्ती करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. शिक्षकांवर ‘केस’ आणण्याची जबाबदारी टाकली होती. माझ्याआधी याच पेशात असलेले एक वृद्ध गुरुजी सांगत की, पगार अडू नये म्हणून त्यांनी आपल्याच शाळेतल्या मुलाच्या बापाला नेले, आणि त्यानंतर तो मुलगा शाळेत आला नाही. ही गोष्ट सांगताना ते दरवेळी चष्मा पुसत.

१९७७ नंतर पुरुष या मार्गावरून जे दूर झाले ते परत आलेच नाहीत. सारा भार बायकांवर आला. आणि नेमक्या याच वेळी माहेरवाटेने आपले काम केले. बाईचे ऑपरेशन ही लपविता न येणारी गोष्ट आहे. पाच-सात दिवस विश्रांती घ्यावी लागते, टाके असतात, जड उचलावयाचे नसते. साहजिकच ती माहेरी जाते किंवा आई तिच्याकडे येते. दहा बायका पाहावयास येतात. महिन्याने तीच बाई डोक्यावर घागर घेऊन चालताना दिसते. लूपची समाधानी बाई कोणाला दिसत नव्हती, ऑपरेशनची दिसली. थोरल्या बहिणीने केले म्हणून धाकटीने केले, जावेने केले म्हणून जावेने. सीमेच्या अलीकडची बाई पलीकडच्या उदगीरला जाऊन करून आली, कारण तिथे बहीण होती, आणि परत येताना तिने दोन नणंदांना सांगितले. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत हा क्रम असाच आहे. दोन मुलीच झाल्या असतील तर मात्र मुलगा होईपर्यंत सगळ्या गप्प. त्या बाबतीतही सल्ला देणाऱ्या बायकाच असतात, हे नमूद केले पाहिजे.

कोरियातील एका अभ्यासाने माझ्या या निरीक्षणाला अनपेक्षित दुजोरा दिला. दक्षिण कोरियात १९६८ साली हजारो खेड्यांतून ‘मातामंडळे’ स्थापन झाली. बायका महिन्यातून एकदा जमत, थोडी बचत करीत, आणि त्यातच कुटुंबनियोजनाचे बोलणे होई. एव्हरेट रॉजर्स व लॉरेन्स किंकेड यांनी तेथील २५ खेड्यांत कोण कोणाशी बोलते याचा माग काढला. तेव्हा असे आढळले की, काही खेडी गोळ्यांची होती, काही लूपची. एका खेड्यातील बहुतेक बायका एकच साधन वापरीत. साधने सर्वांना सारखीच उपलब्ध होती. पहिल्या दोघीचौघींनी जे घेतले ते गावाचे झाले.

आमचा सीमाभाग या अर्थाने ऑपरेशनचे खेडे झाला, आणि सबंध कर्नाटक राज्यही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे कर्नाटकातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६८ टक्के आधुनिक साधन वापरतात. या ६८ मधील ५७ म्हणजे स्त्रीशस्त्रक्रिया. पुरुषशस्त्रक्रिया जवळजवळ शून्य. तांबी, गोळ्या, निरोध, इंजेक्शन हे सारे मिळून उरलेल्या थोड्या जागेत. राज्यातील एकूण जननदर १.७ वर आला आहे, म्हणजे सरकारी हिशेबाने काम फत्ते झाले. पण शस्त्रक्रियेने पाळणा थांबतो, लांबत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, विशीत पहिले मूल, लगोलग दुसरे, आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन. या दोन मुलांमध्ये तीन वर्षांचे अंतर ठेवावयाचे कसे, हे त्या मुलीने विचारावयाचे कोणाला? आईने ते कधी वापरलेले नाही, बहिणीने नाही, आत्याने नाही.

वाटच बदलण्याचा प्रयत्न कोणी केला नाही असे नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. शिकलेली नर्स खेड्यात पाठवून पाहिली; बायका तिच्याशी बोलेनात. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना जामखेडला बोलावून नियमित शिकविले, आणि शिकलेले घेऊन त्या गावात परत जात. बाळंतपण, हगवण, लसी यांबरोबर पाळणा लांबविण्याची गोष्टही त्याच तोंडून निघे. एखाद्या बाईला गोळीने मळमळ झाली तर दुसऱ्या दिवशी सांगावयास माणूस दारात होते. लूपच्या वेळी हेच नव्हते. जामखेडला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

बीदरमध्येही १९८९ साली केंद्र सरकारची ‘महिला समाख्या’ योजना आली. कर्नाटकात ज्या पहिल्या तीन जिल्ह्यांत ती सुरू झाली त्यांत बीदर होता. गावोगाव बायकांचे संघ बसले. पुढे बीदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने बचतगटांना कर्जे देण्यात देशात नाव मिळविले. या गटांची बैठक शनिवारी रात्री भाकरी-भाजी आटोपल्यावर भरते तेव्हा हप्त्याचा हिशेब अर्ध्या तासात संपतो आणि बैठक दोन तास चालते. उरलेल्या दीड तासात काय होते ते कोणत्याही इतिवृत्तात लिहिलेले नसते. गटात सुना असतात, सासवा वेगळ्या गटात बसतात. ही बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २०१८ साली झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, सासूबरोबर राहणाऱ्या सुनेला घराबाहेरच्या मैत्रिणी कमी असतात, आणि जिला मैत्रिणी कमी तिचे कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात जाणेही कमी. आमच्याकडची सून तितकी एकाकी नाही. तरीही, सासू बसलेली नसेल अशी जागा तिला लागतेच.

२००५ पासून गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या. नियमाप्रमाणे आशा ही त्याच गावात राहणारी आणि विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी लागते. म्हणजे बहुधा ती गावची सून असते. ती कोणाची तरी जाऊ, कोणाची तरी चुलतसासू. तिच्यापाशी बोललेले घरात पोहोचेल अशी धास्ती असते. शिवाय पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी, सीमेपलीकडे जाते. तिचे कर्नाटकातले ‘तायी कार्ड’ पिशवीत, आणि नोंदी महाराष्ट्रातल्या दवाखान्याच्या मराठी वहीत. जेव्हा तिला सल्ला सर्वाधिक हवा असतो, तेव्हा ती दोन्ही आशांच्या मध्ये पडते. आईच्या हाताखाली ती असते, आणि आईला ऑपरेशनच ठाऊक असते.

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आणि ‘छाया’ या आठवडी गोळ्या मिळू लागल्या. गोळीतले औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले, आपल्याच देशातले. माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात भेटली. वय एकवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला इंजेक्शनची सारी माहिती नीट सांगितली होती. तिने ती मलाही न अडखळता सांगितली, पाळी पुढे-मागे होते इथपर्यंत. मी म्हटले, “मग घेतलेस का?” ती म्हणाली, “नाही बाई. आमच्या गावात कोणीच घेतलेलं नाही.” जरा थांबून तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले. “देवणीला माझी मावसबहीण आहे, तिनं घेतलं म्हणतात. दिवाळीला येईल, तेव्हा तिला विचारते.”